नाना कंट्रोलरांचं वाळूक

श्रीगोंद्याला माझी बदली झाली आणि भाड्याच्या घरासमोर टेम्पो लागला, तेव्हा लोखंडी कपाट निम्मं खाली आलं होतं आणि निम्मं टेम्पोतच होतं. ते कुणाच्या पायावर पडतंय या धास्तीनं मी उभी होते. इतक्यात शेजारच्या कंपाउंडवरून आधी एक पांढरी टोपी वर आली, मग जाड भिंगांचा चष्मा, आणि मग आवाज.

"मॅडम, नवीन का तुमी? कपाट उतरवतील ती पोरं. तुमी या हिकडं जरा. दोन बिया टाकून जा."

मला वाटलं, नव्या बिऱ्हाडाकडून असं काही करून घ्यायची इथली रीत असेल. मी मुकाट्यानं गेले. त्यांनी माझ्या तळहातावर भिजवून फुगवलेल्या कारल्याच्या बिया ठेवल्या आणि एका आळ्याकडं बोट केलं. मी त्या खोचल्या, वर माती लोटली. ते माझ्या हाताकडं टक लावून बघत होते. "बघू," एवढंच म्हणाले. नाव, गाव, शाळा कुठली, हे सगळं त्यानंतर विचारलं. आठवड्याभरानं सगळी कारली उगवली आणि त्या घरात माझा शब्द चालायला लागला.

हे आमचे नाना. सगळं गाव त्यांना नाना कंट्रोलर म्हणायचं. बस स्टँडवर कंट्रोलर म्हणून त्यांची उभी हयात गेली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते, कुठली वाटेत बंद पडली, मुक्कामाची गाडी आज जाणार की नाही, हे सगळं माईकवरून सांगायचं त्यांचं काम. निवृत्त झाले तेव्हा माईक स्टँडवर राहिला आणि आवाज घरी आला. या आवाजाचं करायचं काय, हा प्रश्न सिंधूकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, पडलेला असतानाच कुणीतरी नानांना आमच्या परसबागेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं.

हा ग्रुप म्हणजे आसपासच्या चार आळ्यांतली बाग करणारी माणसं. कुणाची गच्ची, कुणाचं परसू, कुणाच्या नुसत्याच तेलाच्या डब्यातल्या मिरच्या. माघ सरत आला, थंडी उतरली की सगळ्यांची उन्हाळी भाजीची घाई सुरू व्हायची. कुणी दोडका भिजत घातला, कुणाची गवार वर आली, कुणाच्या रोपावर मावा पडला, अशा बातम्या दिवसभर यायच्या. नानांना लिहायचा कंटाळा. ते सकाळी सगळ्यांच्या बातम्या वाचायचे आणि चहा झाला की एकच आवाजी निरोप टाकायचे. एरवी घरात गावाकडचं बोलणारा हा माणूस मोबाईल तोंडाजवळ धरला की खणखणीत छापील मराठीत शिरायचा.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. डॉक्टरीणबाईंच्या गच्चीवरून सुटलेली दोडक्याची गाडी आज सकाळी आलेली आहे. पवार सरांची भेंडी अद्याप वाटेत आहे, सरांनी घाबरून पाणी जास्त घालू नये. देशमुख वहिनींची काकडी गोगलगाईने खाल्ल्यामुळे रद्द करण्यात आलेली आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व."

देशमुख वहिनींना रडावं की हसावं कळायचं नाही. कुणी गुलाबाच्या चित्रावर सुप्रभात लिहून पाठवलं, की लगेच दुसरा निरोप यायचा, "फलाटावर विनाकारण गर्दी करू नये." ती चित्रं महिन्याभरात बंद झाली. जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या ग्रुपला हे जमलं असेल असं मला वाटत नाही.

तर असा हा बागेचा दर्दी. घरच्या बागेत पाय ठेवायला जागा नाही. आणि गंमत अशी की त्या बागेतलं एकही झाड नानांच्या हातचं नव्हतं. "माझ्या हाताला गुण न्हाई," असं ते कुणालाही पहिल्या भेटीत सांगून टाकायचे, जसं आपण रक्तगट सांगतो. त्यांनी स्वतः लावलेलं बी उगवायचं नाही. एकदा नाही, कधीच नाही. म्हणून त्यांनी हा मार्ग काढला होता. घरात जो येईल त्याच्या हातावर बी ठेवायचं. पाहुणा चहा घेऊन उठला की त्याला पानसुपारीऐवजी वाफ्यावर नेत. काकूंच्या भिशीच्या बायका नटूनथटून यायच्या आणि नखांत माती घेऊन घरी जायच्या.

त्यामुळं बागेतल्या झाडांना माणसांची नावं पडली होती. गॅसवाल्याचा भोपळा. वायरमनची वांगी. जावयाची भेंडी जरा काटकुळी आली, तेव्हा नाना कितीतरी दिवस जावयाबद्दलच साशंक होते. "पोरीला सुखात ठिवलंय ना त्यांनी?" असं त्यांनी काकूंना दोनदा विचारलं. काकू म्हणाल्या, "भेंडीवरनं काय ठरवताय? पोरगी फोनवर हसतीय ते ऐका."

एकदा त्यांच्या मुलाच्या पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आले. नानांनी त्यांना खुर्चीवर बसूच दिलं नाही. "साहेब, कागद पळून जात न्हाईत. आधी एवढी गवार लावा." हवालदारांनी टोपी काढून काखेत धरली आणि ओळीनं गवार लावली. ती गवार अशी आली की आम्ही सगळ्यांनी खाल्ली आणि तरी उरली. पुढच्या वर्षी हंगाम आला तसे नाना बेचैन. कंपाउंडवरून मला गंभीरपणे विचारलं, "मॅडम, पोलीस घरी बोलवायचा म्हंजे मानसानं काय करावं? मोटरसायकल चोरीला गेली म्हनून तक्रार देऊ का?"

आतून काकू म्हणाल्या, "तुमीच कुनाची तरी चोरा. दोन पोलीस येत्याल, मिरचीबी लावून हुईल."

नानांच्या हातचं बी का उगवत नाही, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. सकाळी मी दात घासत मागच्या दारात उभी होते. नाना वाफ्यापाशी उकिडवे बसून एका आळ्यात बोट घालत होते. बोट आत गेलं, माती बाजूला झाली, बी बाहेर आलं. त्यांनी ते चष्म्याजवळ नेऊन उलटसुलट बघितलं, परत आत ठेवलं आणि माती थोपटली. मग पुढचं आळं. असं सगळ्या रांगेचं झालं. बियांना नुकते पांढरे कोंब फुटले होते. कोंबांचं काय होत असेल ते सांगायला नको.

काकूंना विचारलं तर त्या शांतपणे लसूण सोलत म्हणाल्या, "रोजचंच हाय ते. स्टँडवर गाडीला उशीर झाला की दर घटकेला फोन लावायची सवय. आता मातीला फोन लावत्यात. लगीन झाल्यापासून सांगतीय, उकरू नका. दुसऱ्यानं लावलेलं उकरत न्हाईत, म्हनत्यात परक्याचा माल. आपल्या हातचं मात्र राहवत न्हाई."

मी धीर करून नानांना बोललेच. त्यांना मुळीच पटलं नाही. "चौकशी केल्याबिगर गाडी कुठवर आली ते कळायचं कसं? आन् उकरल्यानं काय होतंय, मी परत झाकतोय की." पुढं म्हणाले, "हातच खराब हाय, मॅडम. उगं बोटावर आळ घेऊ नका."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एक वाळूक होतं.

वाळूक म्हणजे आपलं बाजरीच्या रानातलं, काकडीच्या जातीचं, पट्ट्यापट्ट्यांचं फळ. पिकलं की सगळ्या घरात वास सुटतो. नानांची आई पारनेरकडच्या गावी एकटी राहायची, आणि तिचं वाळूक त्या भागात नावाजलेलं होतं. म्हातारी गेली तेव्हा तिच्या उतरंडीत एक पुरचुंडी निघाली. जुन्या लुगड्याच्या चिंधीत राख, आणि राखेत वाळकाचं बी. दुसरीकडं हे बी कुठं राहिलं नव्हतं. भावकीनं रानात ऊस केला होता.

हे एवढं बी नानांनी कुणाच्याही हातावर ठेवलं नाही. दरवर्षी त्यातलं थोडं स्वतः लावायचे, दरवर्षी ते जायचं, आणि पुरचुंडी हलकी होत चालली होती. काकू कळवळून सांगायच्या, "मॅडमच्या हातात द्या. त्यांचा हात वेलाला चांगला हाय." नाना मान हलवायचे. "आईचं हाय ते. माझ्याच हातचं यायला पायजे." या एका गोष्टीत त्यांची थट्टा करायची कुणाची छाती नव्हती. मी मनातून चिडायचे. एका माणसाच्या हट्टापायी एक वाण बुडायला निघालाय, असं वाटायचं, आणि ते मी काकूंना बोलूनही दाखवलं.

मी श्रीगोंद्यात होते त्या शेवटच्या वर्षी फाल्गुनात काकूंचे दोन्ही गुडघे बदलायचं ठरलं. नगरच्या दवाखान्यात तारीख मिळाली. निघायच्या दिवशी सकाळी दारात गाडी उभी, काकू पुढच्या सीटवर बसलेल्या, आणि नाना गायब. मी मागं गेले. ते वाफ्यावर बसून पुरचुंडी झटकत होते. राख मातीत पडली. चिंधी त्यांनी उलटी करून दाखवली.

"सगळं लावलं. आता ऱ्हायलं न्हाई काय," ते म्हणाले. "हिचं काय हुईल, माझं काय हुईल, सांगता येत न्हाई. म्हनलं, टाकून जावं." माझ्या हातात किल्ली दिली आणि काकूंच्या हाका ऐकून पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. काकूंचं ऑपरेशन नीट झालं, हे त्यांनी एका वाक्यात उरकलं. "बरं, वाळकाची काय खबर?" मी म्हटलं, काल तर लावलंय. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मॅडम, जरा बोटानं बघता का?" मी म्हटलं, "बघते." बघितलं नाही. चौथ्या दिवशी, "बघितलं का?" मी म्हटलं, "हो, आहे आत." आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून सांगितलेली बाई मी, वाळकापायी रोज खोटं बोलत होते.

आणि मग एका सकाळी माती तडकली. दुपारपर्यंत दोन-दोन जाड पानं वर आली, आणि संध्याकाळी बघितलं तर जवळजवळ सगळी रांग उगवलेली. मी तिथंच चिखलात बसले. मग नानांना लावायचा फोन काकूंना लावला.

काकू पलंगावरून कुजबुजल्या, "त्यांना सांगू नका. मला वॉकरवर सोडून पहिल्या गाडीनं येत्याल. ग्रुपवरबी कुनाला बोलू देऊ नका." मी घरोघर जाऊन सगळ्यांना गप्प केलं. देशमुख वहिनींचं तोंड बंद ठेवायला मला माझे सगळे दुधी द्यावे लागले.

नाना परतले तेव्हा रोपांना तिसरं पान आलं होतं. काकूंना आत बसवून ते मागं आले. मी कंपाउंडपाशीच होते, कारण तो क्षण मला चुकवायचा नव्हता. ते बराच वेळ उभे राहिले. हात मागं बांधलेले. मग माझ्याकडं वळले, आणि चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नाही.

"मॅडम, खरं सांगा. तुमी परत लावलंय ना?"

मी शपथ घेतली. काकूंनी आतून घेतली. पण जितक्या शपथा, तितका त्यांचा संशय घट्ट. "मग मला सांगितलं का न्हाई कुनी? सगळ्या गावाला ठाऊक, मला तेवढं न्हाई." त्याला आमच्याकडं उत्तर होतं, पण ते त्यांना पटणारं नव्हतं. "बाजारात मिळतं वाळकाचं बी. शाळेतल्या एखाद्या पोरानं घरून आनलं आसंल. म्हाताऱ्याचं मन राखायला केलंत तुमी. वाईट न्हाई मानत मी. पन माझ्या हातचं न्हाई ते." आम्ही सगळ्यांनी मिळून केलेली मेहरबानी अशी आमच्याच अंगावर आली. त्या रात्री मला खरंच वाईट वाटलं.

शेवटी त्यांनीच तोडगा काढला. फळ येऊ द्यायचं. आईचं वाळूक असेल तर ओळखू येईलच.

मग सुरू झालं ते वाट बघणं. वेल पसरले, पिवळी फुलं आली, बोटाएवढी फळं धरली. ग्रुपवर सगळ्यांच्या बातम्या जात होत्या, वाळकाबद्दल अवाक्षर नाही. मी विचारलं तर म्हणाले, "खात्री असल्याबिगर अनाउन्समेंट करायची नसती. लोक भलत्याच गाडीत बसत्यात." रोज फळाकडं बघायचे आणि हात मागं बांधून घरात जायचे. काकू वॉकर धरून दारात यायच्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायच्या. तेवढ्यासाठी त्या दवाखान्यानं सांगितल्यापेक्षा लवकर चालायला लागल्या, असं माझं मत आहे.

वैशाखात पहिलं फळ पिकलं. वास भिंतीवरून माझ्या स्वयंपाकघरात आला. त्याच आठवड्यात माझ्या बदलीचा आदेश आला होता आणि मी डबे बांधत होते. डबे तसेच टाकून मी गेले तर नानांच्या अंगणात अजून एक म्हातारे गृहस्थ खुर्चीवर बसलेले. हे बबनराव, नानांच्याबरोबरचे निवृत्त ड्रायव्हर. नानांच्या गावची मुक्कामाची गाडी वर्षानुवर्षं यांच्याकडं होती. नानांनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

नानांनी वाळूक चिरलं. पहिली फोड बबनरावांच्या हातात दिली आणि समोर उभे राहिले.

बबनरावांनी ती खाल्ली. दुसरी उचलली. तीही खाल्ली, मिशा पुसल्या, तिसरी घेतली. नानांच्या कपाळावर घाम आला होता. काकू म्हणाल्या, "भावजी, पोट भरलं आसंल तर बोला आता."

"म्हातारीचंच हाय," बबनराव म्हणाले. "दुसरं कुनाचं आसूच शकत न्हाई. देठाकडं जरा आंबुस, मग गोड. किती वर्सं खाल्लंय मी."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "नाना, यांना कशाला बोलवायचं? तुम्हाला चव कळली नसती का?"

नाना चाकू पुसत राहिले. मग म्हणाले, "मी कुठं खाल्लंय?"

बबनरावांनी मान खाली घातली.

"मी नोकरीला लागल्यावर आईनं हे बी धरलं, आन् हंगामात मला रजा कधी मिळाली न्हाई. आई दर हंगामाला ह्याच्या गाडीत पाटी भरून द्यायची. पाटी यायची ऐन गर्दीच्या टायमाला. मी माईकवर. केबिनमध्ये ठेवली की ही समदी ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी फडशा पाडायची. म्हनायचो, खा, आईनं पाठवलंय. मला वाटायचं, पुढच्या खेपंला खाऊ आपुन." त्यांनी चाकू खाली ठेवला. "आई फोनवर विचारायची, कसं हुतं रं वाळूक? मी म्हनायचो, लई भारी."

मला त्यांच्याबद्दल आजवर वाटलेला सगळा वैताग आठवला आणि तो कुठं ठेवावा कळेना. काकू वॉकर सरकवत त्यांच्याजवळ आल्या. ताटलीतली मधली, सगळ्यात गराची फोड त्यांनी उचलली आणि नवऱ्याच्या हातावर ठेवली. "खावा," म्हणाल्या. "कुनाला देऊ नका."

नाना आमच्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी ती फोड सावकाश खाल्ली. सालीपर्यंत खाल्ली. बिया तळहातावर घेतल्या. टोपी डोळ्यांवर ओढली होती, त्यामुळं चेहरा दिसत नव्हता, पण आवाज स्टँडवरचा नव्हता.

"एवढं गोड आसतं," ते म्हणाले, "मला कुनी सांगितलंच न्हाई."

"आमाला वाटायचं, तू खाऊन मगच देतोस," बबनराव म्हणाले, आणि त्यांनी हातातली अर्धी फोड ताटलीत परत ठेवली.